नोकऱ्या वाढल्या म्हणजे घरं महागणारच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महानगरात काही वर्षं सलग नोकऱ्या वाढत आहेत, मोठ्या कंपन्या येणार अशा घोषणा होत आहेत, पुढच्या वर्षांचे आर्थिक अंदाजही चांगले आहेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका नोकरदार जोडप्याला सगळेजण सांगतात की आत्ता घर घेतलं नाही तर ते कायमचं आवाक्याबाहेर जाईल. हे कितपत खरं आहे? आणि नोकऱ्यांच्या आकड्यांवरून घरांच्या किमतींचा अंदाज बांधायचा तर कसा?

माझं काम गृहकर्ज देणाऱ्या संस्थांसाठी शहरांच्या घरबाजाराचे अंदाज तयार करण्याचं आहे, त्यामुळे हा प्रश्न रोज या ना त्या रूपात समोर येतो. नोकऱ्या वाढल्या की घरांची मागणी वाढते, हे जवळजवळ नेहमी खरं असतं. पण मागणी वाढली की किंमत किती वाढेल, हे त्या शहरात नवी घरं किती सहज बांधली जातात यावर ठरतं. आणि आज मागितल्या जाणाऱ्या किमतीत उद्याच्या नोकऱ्यांचा हिशोब आधीच धरलेला असतो. या तीनपैकी पहिलीच गोष्ट लोकांना ऐकवली जाते, आणि तेवढ्यावर आयुष्यभराचं कर्ज घ्यायला लावलं जातं. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवात नोकऱ्यांपासूनच करू, कारण नोकरी आणि नोकरीत फरक असतो. कुठल्याही शहरात ढोबळमानाने दोन प्रकारची कामं चालतात. एका प्रकारात शहर आपला माल किंवा सेवा बाहेरच्या जगाला विकतं आणि बाहेरचा पैसा आत आणतं: कारखाने, सॉफ्टवेअर, बंदर, मोठी विद्यापीठं, पर्यटन, वित्तसंस्था. दुसऱ्या प्रकारात शहरातले लोक एकमेकांची कामं करतात: किराणा, दवाखाने, शाळा, केशकर्तनालयं, उपाहारगृहं. दुसऱ्या प्रकारातल्या नोकऱ्या संख्येने नेहमीच जास्त असतात, पण त्या पहिल्या प्रकारच्या नोकऱ्यांच्या आधारावर उभ्या असतात. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्ती यांनी अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास करून असा अंदाज मांडला होता की उच्च तंत्रज्ञानातली एक नवी नोकरी कालांतराने त्याच शहरात आणखी सुमारे पाच नोकऱ्या निर्माण करते, तर साध्या कारखानदारीतली एक नोकरी दोनापेक्षाही कमी. हे गुणोत्तर जसं चढताना लागू पडतं तसंच उतरतानाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सिॲटलचं उदाहरण घ्या. १९७० च्या सुरुवातीला त्या परिसरात बोइंग कंपनीकडे ८० हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. विमानांच्या ऑर्डरी आटल्या, स्वनातीत प्रवासी विमानाच्या प्रकल्पाचा निधी अमेरिकी संसदेने १९७१ मध्ये बंद केला, आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत बोइंगची तिथली माणसं ४० हजारांच्या खाली आली. शहरातली बेकारी देशात सर्वांत वाईट असलेल्यांपैकी एक झाली, घरं रिकामी पडली. शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवून जावं, असा मजकूर लिहिलेला फलक त्याच वर्षी विमानतळाजवळ लागला होता, आणि तो लावणारे दोघेही घरजमिनीच्या धंद्यातलेच होते. बोइंग वाईट कंपनी होती असं अजिबात नाही. अडचण अशी होती की सगळं शहर एका कंपनीच्या ऑर्डर-बुकावर उभं होतं. १९७९ मध्ये मायक्रोसॉफ्ट त्या परिसरात आली, १९९४ मध्ये ॲमेझॉन सुरू झाली, आणि आज सिॲटल अमेरिकेतल्या महाग शहरांत मोडतं. पण १९७० मध्ये घर घेतलेल्या आणि १९७१ मध्ये नोकरी गेलेल्या कुटुंबाला १९९४ चा काय उपयोग?

तेव्हा ‘यंदा एवढ्या हजार नोकऱ्या वाढल्या’ असं वाचलं की पहिला प्रश्न विचारा: कुठल्या क्षेत्रात? यासाठी एक साधं माप आहे, ते कुणालाही काढता येतं. शहरातल्या एकूण नोकऱ्यांत त्या क्षेत्राचा वाटा किती आणि देशातल्या एकूण नोकऱ्यांत त्याच क्षेत्राचा वाटा किती, हे पाहायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. देशात वाहन उद्योगाचा वाटा २ टक्के आणि शहरात ८ टक्के असेल, तर उत्तर ४ येतं. उत्तर १ च्या आसपास असेल तर ते क्षेत्र शहराची स्वतःची गरज भागवतंय. बरंच जास्त असेल तर त्या क्षेत्रातून बाहेरचा पैसा येतोय. असं मोठं उत्तर देणारी तीन-चार वेगवेगळी क्षेत्रं असतील तर शहराचा पाया रुंद आहे. एकच क्षेत्र असेल, तर तुम्ही घर घेताना खरं म्हणजे त्या उद्योगावर पैज लावताय. वेगवेगळी क्षेत्रं म्हणतानाही जपून. वाहनं बनवणारा, त्यांचे सुटे भाग बनवणारा आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा, हे तिघं कागदावर तीन क्षेत्रांत दिसतात. गाड्यांची विक्री थांबली की तिघांचंही काम एकदमच थांबतं.

बांधकाम क्षेत्राबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. घरांच्या किमती वाढतात, म्हणून बांधकाम वाढतं, म्हणून बांधकामात, फर्निचरमध्ये, गृहकर्जाच्या शाखांत, दलालांच्या कार्यालयांत नोकऱ्या वाढतात. मग ‘नोकऱ्या वाढताहेत, म्हणून घरं महागतील’ असा अहवाल निघतो. यात कारण आणि परिणाम एकमेकांची शेपटी धरून फिरत असतात. लास व्हेगास या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत सर्वांत वेगाने नोकऱ्या वाढवणाऱ्या महानगरांत होतं. २००६ च्या शिखरापासून २०१२ पर्यंत तिथल्या घरांच्या किमती ६० टक्क्यांहून अधिक घसरल्या आणि नेवाडा राज्यातल्या बांधकामातल्या निम्म्याहून अधिक नोकऱ्या गेल्या. स्पेनमध्ये हेच देशाच्या पातळीवर झालं. २००७ मध्ये तिथले सुमारे १३ टक्के कामगार बांधकामात होते आणि बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास होती. २०१३ मध्ये बेकारी २६ टक्क्यांवर गेली होती. म्हणून मी कुठल्याही शहराची नोकऱ्यांची आकडेवारी हातात घेतली की आधी बांधकाम आणि स्थावर मालमत्ता बाजूला काढतो, आणि उरलेल्यांत काय वाढलंय ते पाहतो. बरेचदा चित्र बदलतं. बांधकामाचा वाटा शहराच्या नेहमीच्या पातळीपेक्षा फार वर गेला असेल, तर मला ती तेजीची नव्हे, धोक्याची खूण वाटते.

आता दुसरी बाजू, पुरवठा. लोकांच्या चर्चेत नोकऱ्यांना जेवढी जागा मिळते त्याच्या दहावा हिस्साही पुरवठ्याला मिळत नाही, आणि किमतीचं खरं रहस्य बहुतेक वेळा तिथेच असतं.

एकाच गतीने नोकऱ्या वाढणारी दोन शहरं डोळ्यांसमोर आणा. एकाच्या चारही बाजूंना सपाट जमीन, परवानग्या काही महिन्यांत मिळतात, रस्ते आणि पाणी पोहोचवायची महापालिकेची तयारी आहे. दुसऱ्याला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, उंच बांधायला मनाई आणि प्रत्येक प्रकल्पाला वर्षानुवर्षं हरकती. पहिल्या शहरात नोकऱ्यांचं रूपांतर नव्या घरांत होतं. दुसऱ्यात त्यांचं रूपांतर जुन्या घरांच्या चढ्या किमतीत होतं. आल्बर्ट साइझ या संशोधकाने २०१० मध्ये अमेरिकी महानगरांभोवतीची उपग्रहावरून मोजलेली जमीन तपासली. पाण्याखालची आणि तीव्र उताराची जमीन वजा केल्यावर बांधण्याजोगी किती उरते ते काढलं, आणि जिथे ती कमी तिथे घरं महाग, असा ठळक संबंध दाखवला. त्यावर नियमांचा थर चढतो. निसर्गाने जागा कमी दिलेल्या शहरांत बांधकामाचे नियमही बहुधा जास्त कडक असल्याचं त्यांना आढळलं.

ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया ही या दोन टोकांची ठळक उदाहरणं. ह्यूस्टनला नेहमीच्या अर्थाने झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवणारे नियम, नाहीत आणि सपाट जमीन अमाप आहे. त्यामुळे नोकऱ्या प्रचंड वाढूनही तिथली घरं दशकानुदशकं देशाच्या सरासरीच्या आसपासच राहिली. बे एरियात २०१० नंतरच्या दशकात दर एका नव्या घराच्या परवानगीमागे तीनहून अधिक नव्या नोकऱ्या येत होत्या. नगररचनाकार साधारण दीड नोकरीमागे एक घर हे प्रमाण समतोलाचं मानतात. हे गुणोत्तर तुमच्या शहरासाठी काढून पाहा: गेल्या पाच वर्षांत वाढलेल्या नोकऱ्या भागिले त्याच पाच वर्षांत राहण्याजोगी झालेली घरं. घोषणा झालेली किंवा नोंदणी झालेली घरं धरू नका. ताबा मिळालेली धरा.

पुरवठा उशिराने येतो, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची. इमारत ठरवल्यापासून किल्ली हातात पडेपर्यंत मोठ्या शहरात तीन-चार वर्षं सहज जातात. भाडी वाढलेली पाहून सगळेच विकासक एकदम उतरतात आणि सगळ्यांची घरं एकदमच तयार होतात. टेक्सासमधलं ऑस्टिन याचं अगदी ताजं उदाहरण. नोकऱ्या जोरात वाढल्या, २०२१-२२ मध्ये भाडी आणि किमती दोन्ही भडकल्या, सदनिकांचं विक्रमी बांधकाम सुरू झालं. २०२३ पासून त्या सदनिका बाजारात येऊ लागल्या आणि २०२५ पर्यंत भाडी शिखरापासून १५ टक्क्यांहून जास्त खाली आली, किमतीही २०२२ च्या शिखराखाली गेल्या. या काळात ऑस्टिनमधल्या नोकऱ्या घटल्या नव्हत्या, त्या वाढतच होत्या! फक्त नोकऱ्यांकडे पाहणाऱ्याला हे कळलंच नसतं. बांधकामाधीन घरांची संख्या पाहणाऱ्याला दोन वर्षं आधी दिसत होतं.

ज्या शहरांत बांधणं सोपं तिथे किमती स्थिर राहतात, असा अर्थ मात्र काढू नका. वर जाताना घरं बांधता येतात. खाली येताना ती काढून टाकता येत नाहीत. एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्योर्को यांनी २००५ मध्ये हाच मुद्दा आकड्यांनिशी मांडला. घर शंभर वर्षं टिकतं, त्यामुळे शहराची अर्थव्यवस्था खचली तरी माणसं हळूहळू कमी होतात, पण किमती मात्र झपाट्याने पडतात, अगदी बांधणीच्या खर्चाच्याही खाली. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती आणि २०२० मध्ये साडेसहा लाखांहून कमी. एवढ्या घरांचं करायचं काय, हा प्रश्न त्या शहराला दशकं पुरला. ह्यूस्टनही अशा पडझडीतून सुटलं नाही. १९८२ ते १९८७ दरम्यान तेलाचा भाव कोसळत असताना तिथल्या दोन लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. तेजीच्या जोरावर सुरू केलेली घरं तेव्हाही पूर्ण होऊन बाजारात येत होती. कर्जं बुडाली आणि टेक्सासमधल्या दहा सर्वांत मोठ्या बँकांपैकी नऊ स्वतंत्रपणे टिकल्या नाहीत. ज्या संस्थांनी कर्जं दिली, त्या आणि ज्यांनी घेतली, ती माणसं एकाच तेलाच्या भावावर अवलंबून होती.

तिसरा घटक व्याजदर. हा शहराच्या हातात नसतो, पण नोकऱ्यांचा परिणाम तो पूर्ण झाकू शकतो. सिलिकॉन व्हॅलीतल्या सॅन होजे महानगरात डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा, फुगा फुटल्यावर २००१ ते २००३ मध्ये दर सहा नोकऱ्यांमागे जवळपास एक गेली. एवढी पडझड झाल्यावर घरांच्या किमती कोसळायला हव्या होत्या. त्या किरकोळ घसरल्या आणि सावरल्या, कारण त्याच काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर ६.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणला होता आणि स्वस्त कर्जाने खरेदीदारांना तोलून धरलं. भाडी मात्र जोरात कोसळली. इथे एक फार उपयोगी गोष्ट कळते. भाडं महिन्याच्या पगारातून जातं, त्यात कर्ज नसतं, भविष्याची आशाही फारशी नसते. म्हणून शहरात आज खरोखर किती कमावती माणसं आहेत, हे भाड्यातून जास्त प्रामाणिकपणे दिसतं. किमती वाढताहेत आणि भाडी थांबली आहेत, असं दिसलं तर ती वाढ नोकऱ्यांनी आणलेली नाही. ती कर्जाच्या दराने किंवा गुंतवणूकदारांच्या अपेक्षेने आणलेली आहे. मी सगळ्यांत जास्त जपून असतो तो अशाच वेळी.

याच्या उलट, व्याजदर सारखाच असताना नोकऱ्या काय करतात ते ऑस्ट्रेलियात स्वच्छ दिसलं. तिथल्या रिझर्व्ह बँकेचा दर २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत ४.७५ टक्के होता, तो २०१६ पर्यंत १.५ टक्क्यांवर आला. सगळ्या शहरांना तोच दर. सिडनी आणि मेलबर्नमध्ये किमती २०१७ पर्यंत चढत राहिल्या. पर्थमध्ये, जिथे खाणींच्या गुंतवणुकीची तेजी ओसरली होती आणि बाहेरून येणाऱ्या माणसांचा ओघ आटला होता, तिथे २०१४ ते २०१९ मध्ये त्या जवळपास पाचव्या हिश्शाने घसरल्या. देश तोच, कर्जाचा दर तोच, फरक स्थानिक रोजगाराचा. त्यामुळे ‘व्याजदर उतरले की घरं महागणारच’ हे वाक्यही ‘नोकऱ्या वाढल्या की घरं महागणारच’ या वाक्याइतकंच अर्धवट आहे.

पर्थच्या उदाहरणातली माणसांच्या ओघाची गोष्ट पुन्हा पाहू. ऑलिव्हिए ब्लँशार आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी १९९२ मध्ये अमेरिकी राज्यांबद्दल दाखवलं होतं की एखाद्या प्रदेशातल्या नोकऱ्या गेल्या की बेकारीचा दर काही वर्षांनी पूर्ववत होतो. पण तो पूर्ववत होतो याचं मुख्य कारण नव्या नोकऱ्या येतात हे नसून माणसं प्रदेश सोडून जातात हे असतं. म्हणजे ‘बेकारी कमी झाली’ ही बातमी घरबाजारासाठी चांगलीच असेल असं नाही. बेकारीचा दर एकट्याने कधीच वाचू नये. त्याच्या शेजारी एकूण नोकरदारांची संख्या ठेवायची. दर उतरतोय आणि संख्याही उतरतेय, तर शहर रिकामं होतंय.

आर्थिक अंदाज आणि घोषणा यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. घोषणेतली नोकरी ही नोकरी नसते. २०१७ मध्ये फॉक्सकॉनने विस्कॉन्सिन राज्यात १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३ हजार नोकऱ्या जाहीर केल्या. २०२१ मध्ये सुधारित करारात त्या १,४५४ नोकऱ्या आणि ६७ कोटी २० लाख डॉलर झाल्या. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये २५ हजार नोकऱ्यांचं दुसरं मुख्यालय जाहीर केलं. पहिला कर्मचारी तिथे रुजू व्हायच्या आधीच आसपासच्या घरमालकांनी विक्री थांबवली आणि किमती वर गेल्या. २०२३ च्या मार्चमध्ये कंपनीने दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम पुढे ढकललं. म्हणजे बातमी वाचून घर घेणाऱ्याने चढलेली किंमत पहिल्या दिवशी मोजली, आणि ती किंमत ज्या नोकऱ्यांसाठी होती त्या अजून वाटेवरच होत्या.

झालेल्या नोकऱ्यांचे आकडेसुद्धा नंतर बदलतात. दर महिन्याला येणारा आकडा नमुना पाहणीवरून काढलेला असतो आणि वर्षातून एकदा तो प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत अशा फेरतपासणीच्या प्राथमिक अंदाजात मार्च २०२४ पर्यंतच्या नोकऱ्या ८ लाख १८ हजारांनी कमी निघाल्या. अंतिम दुरुस्ती सहा लाखांच्या आसपास झाली. एवढ्या मोठ्या देशाचं हे, तर एका महानगराच्या लहान नमुन्यातून काढलेल्या आकड्याचं काय? म्हणून एका महिन्याच्या किंवा तिमाहीच्या बातमीवर मत बनवू नये. वार्षिक, दुरुस्त झालेले, पगारपत्रकांच्या किंवा भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवर आधारलेले आकडे उशिरा येतात, पण विश्वास ठेवावा तर त्यांच्यावरच.

महानगराच्या आत कुठे, हा प्रश्नही आहेच. सरासरी किंमत ही कुणाच्याच घराची किंमत नसते. नोकऱ्यांचं नवं केंद्र शहराच्या एका टोकाला उभं राहिलं आणि मेट्रो दुसऱ्या टोकाला गेली, तर त्याच महानगरात दोन वेगळे बाजार तयार होतात. घरून काम करता यायला लागल्यावर हे आणखी गुंतागुंतीचं झालं. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या तंत्रज्ञान कंपन्यांनी नोकऱ्या फारशा घटवल्या नव्हत्या, तरी तिथली भाडी सुमारे पाव हिश्शाने पडली, कारण पगार त्या शहराचा आणि मुक्काम भलतीकडे. तुमच्या शहरातल्या मुख्य उद्योगाचं काम दूरवरून होण्याजोगं असेल, तर नोकरी इथे आहे म्हणून घरही इथेच लागेल, हे गृहीत धरता येत नाही.

आता त्या जोडप्याकडे येतो. सगळ्यात आधी आजच्या किमतीत भविष्य किती धरलंय ते काढा. त्याच सोसायटीतल्या तशाच घराचं वर्षाचं भाडं घ्या आणि घराच्या किमतीने भागा. समजा ते ३ टक्के आलं आणि गृहकर्जाचा दर ८ टक्के आहे. देखभाल आणि कर सध्या सोडून दिले, तरी घर घेणारा भाड्याने राहणाऱ्यापेक्षा वर्षाला किमतीच्या ५ टक्के जास्त मोजतोय. ही तफावत भरून निघायला घराची किंमत दरवर्षी सुमारे ५ टक्के वाढायलाच हवी, तेव्हा कुठे बरोबरी होईल. आणि किमती वर्षानुवर्षं स्थानिक उत्पन्नापेक्षा वेगाने वाढू शकत नाहीत, कारण शेवटी घेणाऱ्याला हप्ता पगारातूनच भरायचा असतो. तर खरा प्रश्न असा होतो: या शहरातल्या मधल्या उत्पन्नाच्या कुटुंबाचा पगार पुढची दहा वर्षं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढेल का? सरासरी पगार पाहू नका, तो मूठभर मोठ्या पगारांनी वर ओढला जातो. मधल्या कुटुंबाचा पाहा. उत्तर हो असेल तर ‘नोकऱ्या वाढताहेत’ या वाक्याने तुम्हाला बरोबरीपर्यंत आणलंय. त्याहून जास्त फायदा हवा असेल तर शहराने आजच्या अपेक्षेपेक्षाही चांगलं करून दाखवावं लागेल.

दुसरं, तुमचा पगार आणि तुमचं घर एकाच कारणाने एकदम अडचणीत येऊ शकतात का, ते तपासा. मला या सगळ्यात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि कुणीही तो घर विकताना काढत नाही. शहराच्या मुख्य उद्योगात मंदी आली तर त्याच महिन्यांत तुमची नोकरी धोक्यात येते, त्याच वेळी शेजारीपाजारी घरं विकायला काढतात, आणि कर्ज फेडायला घर विकावं म्हटलं तर किंमत पडलेली असते. ह्यूस्टनमध्ये तेल कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. नवरा-बायको दोघंही त्याच उद्योगात असतील तर हा धोका दुप्पट नाही, त्याहूनही मोठा आहे, कारण एकाच्या पगारावर तग धरायची सोयही उरत नाही. याउलट दोघांपैकी एकजण रुग्णालयात, शिक्षणात किंवा सरकारी सेवेत असेल, तर तेच घर, तोच हप्ता बराच सुरक्षित होतो. बँक तुम्हाला कर्ज मंजूर करताना दोघांचे पगार बेरजेत घेते. ते दोन पगार एकाच वेळी थांबतील का, हे ती सहसा विचारत नाही. ते तुम्ही विचारायचं.

तिसरं, किती वर्षं राहणार? तीन-चार वर्षांत दुसऱ्या शहरात जाण्याची शक्यता असेल तर मुद्रांक शुल्क, दलाली, नोंदणी हे खर्चच बहुतेक वाढ गिळून टाकतात, मग नोकऱ्या कितीही वाढोत. दहा-बारा वर्षं राहणार असाल, शहराचा पाया रुंद असेल, हप्ता एकाच्या पगारात भागत असेल आणि वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवता येत असतील, तर घर घ्या. अशा स्थितीत किमती दोन वर्षं थोड्या खाली गेल्या तरी तुमचं काही बिघडत नाही, कारण तुम्हाला विकायचंच नाही. घर राहण्यासाठी आहे, मुलांची शाळा बदलावी लागू नये, घरमालकाने अचानक खाली करायला सांगू नये, या गोष्टींना मोल आहे आणि ते मोल माझ्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

पण ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ ही भीती कारण म्हणून पुढे येत असेल तर थांबा. बांधकामाधीन घरांची यादी मिळवा. पुढच्या दोन-तीन वर्षांत तुमच्या भागात किती घरांचा ताबा मिळणार आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे किती कुटुंबं खरोखर राहायला आली, हे दोन आकडे शेजारी ठेवा. पहिला दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर घाई तुम्हाला नाही, विकणाऱ्याला आहे. भाड्याचा करार नूतन करा, भाव करायला वेळ घ्या, आणि दरम्यान स्वतःच्या भांडवलाचा हिस्सा वाढवा. दोघंही शहराच्या मुख्य उद्योगातच काम करत असाल, तर बँक देईल तेवढं कर्ज घेऊ नका. दोघांपैकी कमी पगार ज्याचा, त्याच्या पगारात बसेल एवढ्याच हप्त्याचं घर शोधा, मग ते मेट्रोच्या दोन स्थानकं पुढे असलं तरी चालेल.